पाणी कुठं मुरतं? : आपल्या मोरीचा इतिहास आणि तीन कोटेशनं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सेक्रेटरींनी लेख मागितला तेव्हा म्हणाले, "सर, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." सोसायटीच्या नोंदणीचा, पहिल्या कमिटीचा, गणेशोत्सवाचा इतिहास याच अंकात इतरांनी लिहिला आहेच. म्हणून मी माझ्यापुरता एक छोटा विषय घेतला आहे, बाथरूमचा. हसू नका. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या इमारतीत जेवढी भांडणं पार्किंगवरून झाली नसतील, तेवढी बाथरूमच्या गळतीवरून झाली. त्यातलं एक माझंच होतं, आणि चूकही माझीच होती.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपण वाड्यात नाहीतर चाळीत गेलं. वाड्यात न्हाणीघर मागच्या अंगाला असायचं. तांब्याचा बंब, घंगाळ, खाली दगडी फरशी आणि सांडपाणी थेट परसातल्या अळूला किंवा केळीला. न्हाणीघर जमिनीवर होतं, त्याच्या खाली कोणी राहत नव्हतं. पाणी मुरलं तर मातीत मुरलं, कोणाची तक्रार नाही.

मुंबईत चित्र वेगळं होतं. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. 1920 नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग इथे बीडीडी चाळी उभ्या केल्या. खोली साधारण 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक, आणि खोलीच्या कोपऱ्यात मोरी. मोरी म्हणजे वीतभर उंच कठडा आणि एक शहाबादी फरशी. तिथेच आंघोळ, तिथेच भांडी, तिथेच पिण्याच्या पाण्याचं पिंप.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. 1904 मध्ये सहकाराचा पहिला कायदा आला आणि 1915 साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. ती आशियातली पहिली गृहनिर्माण सोसायटी मानली जाते. म्हणजे आज आपण ज्या पद्धतीने राहतो तिचं मूळ तिथे आहे. पुढच्या वीस-तीस वर्षांत दादर-माटुंग्याला "सेल्फ-कंटेन्ड" ब्लॉकची पद्धत रुळली. स्वयंपाकघर, बाथरूम, संडास, सगळं एकाच दाराच्या आत. जुन्या वळणाच्या मंडळींना संडास घरात आणणं सुरुवातीला अजिबात पटत नव्हतं. पण सोय मोठी होती, ती जिंकली.

माझ्या मते आपल्या घरांच्या इतिहासातला सर्वात मोठा बदल हाच. न्हाणीघर मागच्या अंगणातून उठून घरात आलं आणि मजल्यावर मजले चढले तशी एकाची न्हाणी दुसऱ्याच्या डोक्यावर आली. माझी जमीन ती खालच्यांचं छत. हे वाक्य मी वर्गात कधी शिकवलं नाही, आणि स्वतः शिकायला मला नऊ वर्षं लागली.

घरातल्या न्हाणीचं पाणी खाली जाऊ नये म्हणून बांधकाम करणाऱ्यांनी जे उपाय काढले, त्यांत आपले शब्द अजून जिवंत आहेत. बाथरूमच्या जमिनीत जाळीखाली जे भांडं बसवतात त्याला देशभरातले इंजिनिअर इंग्रजीतसुद्धा "न्हाणी ट्रॅप" म्हणतात. दुसरा शब्द कोबा. पूर्वी चुना आणि विटांचे तुकडे ठोकून ठोकून जो घट्ट थर करत तो कोबा. आजही टेंडरमध्ये "ब्रिकबॅट कोबा" असं लिहिलेलं असतं. आपल्यासारख्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतात, त्याला "संकन" म्हणतात. त्या खड्ड्यात सांडपाण्याचे पाइप बसतात, आधी वॉटरप्रूफिंगचा थर, मग विटांच्या तुकड्यांचा भराव, वर कोबा, वर उतार देऊन फरशी. फरशी दिसते, बाकीचं काहीच दिसत नाही.

आणि दिसणारी गोष्ट दर दहा वर्षांनी बदलत गेली. 1922 साली मुंबईत सिधवा कुटुंबाने सुरू केलेल्या भारत टाइल्सच्या रंगीत सिमेंटच्या फरश्या एकेकाळी श्रीमंती मानल्या जात. मग मोझॅक आली. बाथरूमच्या भिंतीला सहा इंची पांढऱ्या चकचकीत टाइल्स आणि तीन फुटांचा डॅडो, वर ऑइलपेंट, हे कित्येक वर्षं चाललं. पुढे मोरबीचे कारखाने वाढले, टाइल्स मोठ्या झाल्या आणि स्वस्तही. 1999 साली आपल्याला ताबा मिळाला तेव्हा बाथरूममध्ये आठ बाय बाराच्या टाइल्स होत्या, साडेचार फुटांपर्यंत, फिक्कट निळ्या, मध्ये एक फुलांची पट्टी. आठवतात ना? सगळ्या घरांत त्याच होत्या. पाइप मात्र भिंतीत गाडलेले जीआयचे, म्हणजे लोखंडीच. तेव्हा ते कोणी विचारलं नाही, मीही नाही.

2008 च्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. "सर, आमच्या बाथरूमच्या छताला ओल येतेय. जरा बघता का?" मी म्हटलं, पाऊस आहे, बाहेरून येत असेल. दिवाळीनंतरही ओल तशीच राहिली तेव्हा बोलायला जागा उरली नाही. आपल्या उपविधींत हे स्पष्ट आहे: पावसाची गळती किंवा बाहेरच्या सामायिक पाइपची गळती असेल तर खर्च सोसायटीचा, घराच्या आतली दुरुस्ती असेल तर सभासदाचा. कमिटीने पाहणी केली, निकाल माझ्याविरुद्ध गेला.

मी 2009 मध्ये ओळखीच्या एका मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "सांधे गेलेत. जुन्या टाइल्सवर नव्या बसवू, तोडफोड नको. बावीस हजार." मी दुसरं कोटेशनच घेतलं नाही. तोडफोड नको हे ऐकूनच बरं वाटलं होतं. सहा दिवसांत बाथरूम नवंकोरं. पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात वहिनींचे यजमान वर आले आणि दारातूनच म्हणाले, "सर, परत आलंय."

मी चिडलो. खर्च केला, बाथरूम केलं, आता आणखी काय? तेही चिडले. कमिटीसमोर पत्रं गेली. शेवटी बोलणं बंद झालं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण सगळ्या मजल्यांवर गेलं, आमच्या दारात पत्रिका सरकवून ठेवलेली होती. आम्ही गेलो नाही. ही मुलगी पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्याकडे इतिहास विचारायला यायची. हे लिहायला आज बरं वाटत नाही, पण इतिहास लिहायचा तर सगळा लिहावा.

2017 च्या दिवाळीत माझ्या मोठ्या मुलाने विषय काढला. तो म्हणाला, "बाबा, एकदाच नीट करू, पण आधी समजून घेऊ." मग आम्ही दोघांनी डिसेंबरमध्ये तीन कोटेशनं घेतली. बाथरूम साडेचार बाय सात फूट. पहिला ठेकेदार म्हणाला, सगळं धरून 58,000. दुसऱ्याने दोन पानी यादी दिली, रक्कम 88,000, वर जीएसटी वेगळा. तिसरा म्हणाला, माझी फक्त मजुरी, 38,000, सामान तुमचं. 38 आणि 88 यांत पन्नास हजारांचा फरक! पहिली प्रतिक्रिया जी कोणाचीही होईल तीच माझी झाली: दुसरा लुटतोय.

मुलाने एक कोरा कागद घेतला आणि डाव्या बाजूला कामं लिहिली, वर तीन ठेकेदार. तोडफोड, राबिट खाली नेऊन टाकणं, पाइप बदलणं, वॉटरप्रूफिंग, टाइल्सची किंमत, टाइल्स बसवणं आणि त्याचं सिमेंट-वाळू, नळ-शॉवर, जीएसटी. मग प्रत्येकाला फोन करून विचारलं, हे तुमच्या रकमेत आहे की नाही?

आधी टाइल्सचा हिशोब आम्ही स्वतः केला. तो सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून देतो. खोलीचा घेर 23 फूट. टाइल्स सात फुटांपर्यंत न्यायच्या, म्हणजे 161 चौरस फूट. त्यातून दार आणि खिडकी वजा केली, राहिले साधारण 140. कापाकापी आणि मोडतोडीसाठी दहा टक्के धरले, 154. जमीन साडेएकतीस, दहा टक्के धरून 35. एकूण 189, आम्ही 190 धरले. बारा बाय अठराच्या टाइल्सच्या सहा नगांच्या खोक्यात पावणेनऊ चौरस फुटांच्या आतबाहेर माल येतो, म्हणजे भिंतीला 18 खोकी. खोकं फोडून मिळत नाही, आणि नंतर एखादी टाइल बदलायची वेळ आली तर त्याच छटेचा माल मिळत नाही. म्हणून उरलेल्या चार-पाच टाइल्स माळ्यावर ठेवाव्यात. आमच्या पसंतीची टाइल 45 रुपये फूट होती. गंमत म्हणजे दुकानदाराच्या भावपत्रकात अजून 28 टक्के जीएसटी होता. टाइल्सवरचा कर नोव्हेंबर 2017 मध्येच 18 टक्क्यांवर आला होता. दाखवल्यावर त्याने लगेच दुरुस्त केलं.

आता कोटेशनं. 58,000 वाल्याचं "सगळं" म्हणजे काय ते हळूहळू कळलं. टाइल्स त्याने 30 रुपये फुटाने धरल्या होत्या. आमच्या टाइल्ससाठी 2,850 वर. राबिट तो फक्त जिन्याच्या खाली ठेवणार, तिथून पुढे आमची जबाबदारी, 4,500. जुने लोखंडी पाइप तसेच राहणार होते. ते बदलायचे तर 9,000. नळ-शॉवर 11,500. आणि वॉटरप्रूफिंग? "केमिकल मारून देऊ ना सर." भराव काढून, खालपासून थर देऊन करायचं तर 14,000. बेरीज 99,850.

मजुरीवाल्याकडे 38,000, टाइल्स 8,550, सिमेंट-वाळू आणि ॲडेसिव्ह 9,500, पाइप आणि ट्रॅप 7,500, वॉटरप्रूफिंग दुसऱ्या माणसाकडून 14,000, राबिट 4,500, नळ 11,500. बेरीज 93,550.

दुसऱ्याच्या 88,000 मध्ये नळ सोडून सगळं होतं. 18 टक्के जीएसटीचे 15,840 आणि नळांचे 11,500 धरून 1,15,340.

पन्नास हजारांचा फरक आता बावीस हजारांच्या आत आला होता. आणि पहिल्या दोघांत, जे 58 आणि 38 वाटत होते, त्यांत फक्त सहा हजार तीनशे. आम्ही तीन किमतींची नाही, तीन वेगवेगळ्या कामांची तुलना करत बसलो होतो. हे कागदावर येईपर्यंत दिसलंच नाही.

मग प्रश्न उरला, बावीस हजार जास्त द्यायचे का? मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "काम झाल्यावर खाली ओल आली तर कोण येणार?" पहिला म्हणाला, "येणारच नाही सर." मजुरीवाला प्रामाणिकपणे म्हणाला, "वॉटरप्रूफिंगवाला म्हणेल प्लंबरची चूक, प्लंबर म्हणेल त्याची. मी मध्ये नाही." दुसऱ्याने आपल्या यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: भराव काढून वॉटरप्रूफिंग झाल्यावर 48 तास पाणी भरून ठेवणार, खालच्या घरातून छत तपासणार, मगच पुढचं काम. बावीस हजारांत आम्हाला ती ओळ मिळत होती.

घासाघीस करून त्याची रक्कम 85,000 वर आली. जीएसटी 15,300, नळ 11,500, एकूण 1,11,800. याशिवाय दहा टक्के हातचे बाजूला ठेवले. पैसे टप्प्याटप्प्याने: 20 टक्के आगाऊ, 25 तोडफोड आणि पाइपांनंतर, 25 पाण्याची चाचणी पास झाल्यावर, 20 टाइल्स बसल्यावर, शेवटचे 10 महिन्याभराने. हे सगळं कागदावर, दोघांच्या सह्यांनी.

फेब्रुवारी 2018 मध्ये तोडफोड झाली. 2009 च्या टाइल्स निघाल्या, त्यांच्या खाली फिक्कट निळ्या, फुलांच्या पट्टीसकट. त्यांच्या खाली विटांचे तुकडे ओले, काळे पडलेले. न्हाणी ट्रॅपचा पाइपाशी असलेला जोड चिरलेला. ठेकेदार म्हणाला, "सर, टाइलच्या सांध्यातून थोडं पाणी जाणारच. ते अडवायचं काम खालच्या थराचं. थरच गेला तर वर संगमरवर लावा, काय उपयोग?" नऊ वर्षं त्या भरावात पाणी साठत होतं आणि खालच्यांच्या छतात झिरपत होतं. मी बावीस हजार खर्चून फक्त त्यावर झाकण ठेवलं होतं.

पाणी भरायच्या आदल्या संध्याकाळी मी खाली गेलो. किती वर्षांनी ती बेल वाजवली ते आठवत नव्हतं. म्हटलं, "उद्यापासून दोन दिवस वर पाणी भरून ठेवणार आहोत. तुमचं छत बघावं लागेल. आणि 2009 ला मी तुमचं ऐकायला हवं होतं." वहिनींच्या यजमानांनी काही न बोलता स्टूल आणलं. आम्ही दोघांनी मिळून जुन्या डागाच्या कडेने खडूने रेघ मारली, ओल वाढली तर कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टॉर्च घेऊन वर आले. "रेघेच्या आतच आहे, सर." तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. वहिनींनी त्यांच्या हाती चहाचा थर्मास पाठवला होता.

हातच्यातून 6,200 गेले. दाराची लाकडी चौकट खालून कुजली होती, तिथे ग्रॅनाइटची बसवली. एकूण खर्च 1,18,000. बाहेरच्या उभ्या सांडपाण्याच्या पाइपचा एक जोडही खराब निघाला. तो सामायिक असल्यामुळे सोसायटीने बदलला.

त्यानंतर सात पावसाळे झाले. त्यांच्या छताला नवा रंग आहे, डाग नाही. मागच्या वर्षी त्यांची मुलगी माहेरी आली तेव्हा नातवाला घेऊन वर आली होती.

मुलाचा तो चौकटींचा कागद पुढे कमिटीने टाइप करून घेतला. आतापर्यंत नऊ घरांनी तो वापरला आहे. डावीकडे आठ कामं, उजवीकडे तीन रकाने. शेवटी तीन प्रश्न आहेत: पाण्याची चाचणी कधी आणि किती तास? गळती आली तर कोण येणार, किती वर्षं? खालच्या घराला कळवलं का? शेवटचा प्रश्न मी आग्रहाने घालायला लावला. ठोकाठोकीची वेळ सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा, राबिट गोणीत भरूनच खाली, हे नियमही त्याच कागदाच्या मागे छापले आहेत.

आपली इमारत आता सव्वीस वर्षांची आहे. ज्यांच्या घरात अजून त्या फिक्कट निळ्या टाइल्स आणि भिंतीतले लोखंडी पाइप आहेत, त्यांची वेळ येणार आहेच. तेव्हा ऑफिसमधून तो कागद जरूर घ्या. हिशोबाला मदत लागली तर संध्याकाळी पाच ते सात मी घरीच असतो. आणि पहिली बेल दुकानदाराची नाही, खालच्या घराची वाजवा.